कोटाची कसर पेटीला लागते

प्रश्न असा आहे: «मी पेटी वाजवतो, साथीला बसतो. चोरबाजारातून, फुटपाथवरून जुने कोट, जाकिटं, कुर्ते घ्यायची हौस आहे. नव्या कपड्यात बसलो की पाहुण्याच्या घरी बसल्यासारखं वाटतं. आता गुरुजी गेले. त्यांच्या घरच्यांनी त्यांचा टसरचा कुर्ता, लोकरी जाकीट आणि एक शाल मला दिली. कुर्त्याला अजून त्यांच्या अत्तराचा वास आहे. धुवावा की नाही? घालून बसावं की जपून ठेवावं? आणि एकूणच जुनं घेताना काय बघावं?»

सुरुवात पेटीपासून करतो. तुम्ही ते विचारलेलं नाही, पण तातडी त्याचीच आहे. जुना लोकरी कोट ज्या खोलीत पेटी आहे त्याच खोलीत खुंटीला लावत असाल, तर आजच तिथून हलवा. लोकर खाणाऱ्या अळीला कोट आणि पेटी यातला फरक कळत नाही. पेटीच्या पट्ट्यांखाली बनात, म्हणजे जाड लोकरी कापड असतं, झडपांना कातडं किंवा फेल्ट असतं, म्हणजे पुन्हा लोकर आणि चामडंच. बनात खाल्ली गेली की पट्टी दाबताना लाकडावर लाकूड आपटल्यासारखी टकटक येते, झडप नीट बसत नाही आणि भाता मारला की न दाबलेला स्वर कण्हत राहतो. दोष मात्र पावसाळी हवेला दिला जातो. व्हायोलिनच्या गजाचे घोड्याचे केसही याच अळ्या खातात. महिनाभर बंद ठेवलेला डबा उघडल्यावर केस तुटून लोंबताना दिसले, तर गज वाईट नव्हता, डब्यात कीड होती.

आपण सगळ्यालाच कसर म्हणतो, पण कपाटात निदान तीन वेगळी गिऱ्हाईकं असतात. पहिला वाळूच्या रंगाचा बारीक पतंग. तो उजेड टाळतो, खातो तो नव्हे, त्याची अळी. ती मागे जाळीसारखं रेशीम आणि वाळूच्या कणांसारखी विष्ठा सोडते. दुसरा दोन ते चार मिलिमीटरचा गोल भुंगा. त्याची अळी केसाळ, आणि तिची तपकिरी कात खिशाच्या कोपऱ्यात, कॉलरच्या दुमडीत सापडते. तिसरी चंदेरी, सुळकन पळणारी. तिला लोकरीपेक्षा खळ आणि कागद प्रिय. म्हणून खळ घातलेलं धोतर, सुती झब्बा कधी तसाच ठेवायचा नाही. खळ धुऊन मग ठेवायचा.

जुनं लोकरी काहीही घरात आलं की पहिला मुक्काम डीप फ्रीझरमध्ये. कपडा कोरडा असला पाहिजे, ओला अजिबात नको. जाड पिशवीत घालून हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीने बंद करा, उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका. २४ तास तशीच राहू द्या, नाहीतर मुंबईच्या हवेतलं बाष्प थंड कापडावर बसून सगळं ओलं होईल. एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा या कामाला पुरेसा थंड नसतो. ओळखीच्या दुकानदाराचा, आइस्क्रीम ठेवायचा फ्रीझर चालतो, फक्त पिशवी दुहेरी करा म्हणजे तोही कुरकुरणार नाही. फ्रीझर नसेलच, तर ओल्या सुती फडक्यावरून वाफेची इस्त्री. ती कपड्यावर नुसती फिरवायची नाही, प्रत्येक शिवण, खिशाचं झाकण, कॉलरखालची बाजू, बाहीच्या आतली दुमड, अशी थांबत थांबत. अंडी असतात ती तिथेच. काळ्या पिशवीत भरून गच्चीवर उन्हात ठेवणे हा सल्ला सर्रास दिला जातो, मला त्याचा भरवसा नाही. पिशवीचा वरचा थर तापतो, मधली घडी कोमटच राहते.

आता खरेदी. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटची पक्की दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्याच दिवशी रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. कामाठीपुऱ्याची देढ गल्ली शुक्रवारी पहाटे, उजाडायच्या आत, मुख्यतः बुटांसाठी. या बाजारांत येणारा कपडा कुठून येतो हे डोक्यात ठेवलं की काय बघायचं ते आपोआप कळतं. बराचसा बोहारणीकडून येतो. घरातून भांड्याच्या बदल्यात गेलेला कपडा पुढे वर्गवारी होऊन, धुऊन, टाके घालून, खळ देऊन, कडक इस्त्री करून फुटपाथवर येतो. ही खळ आणि इस्त्रीच तुमची शत्रू. विरलेलं कापड खळीने ताठ उभं राहतं आणि पहिल्या धुण्यात हातात येतं.

म्हणून कपडा आधी उजेडासमोर धरायचा. काख, कॉलरची घडी, बसायची जागा आणि कोपर, इथे कापड चाळणीसारखं दिसलं तर रंग कितीही सुंदर असो, परत ठेवा. रेशीम असेल तर दोन्ही अंगठ्यांत बोटभर जागा धरून हलकेच आडवं ताणा. चांगलं रेशीम गप्प राहतं, विरलेलं बारीक चरचरतं. घडीवर चिरलेलं रेशीम रफू होत नाही, कारण टाका घ्यायला शेजारचा धागाच शिल्लक नसतो. वासाची युक्ती सोपी आहे: काखेचा भाग दोन्ही तळव्यांत अर्धा मिनिट धरा, मग हुंगा. गार कपड्याला वास नसतो, उबेने घाम बोलायला लागतो, आणि रंगमंचावरच्या दिव्याखाली तेच होणार असतं. शिवणींच्या आत काळे ठिपके दिसले तर ते ढेकणांचे असू शकतात. हौस तिथेच संपवा.

मापाला टेप घेऊन जा आणि स्वतःच्या नीट बसणाऱ्या कुर्त्याची चार मापं कागदावर न्या: खांदा, छाती, मुंढ्याची (बाही जिथे जोडतात त्या भोकाची) खोली, उंची. बाही आणि उंची कमी होते, कंबर आत घेता येते, माया (शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड) असेल तर अर्धा-पाऊण इंच बाहेरही सोडता येते. खांदा मात्र कोणी बदलून देत नाही. देतो म्हणाला तरी देऊ नका, कोटाचा खांदा म्हणजे कोटच. तुम्ही मांडी घालून बसणार आणि डाव्या हाताने भाता मारणार. म्हणजे डावा मुंढा उजव्यापेक्षा जास्त ताण खातो. मुंढा खोल असलेला कोट ढगळ म्हणून बरा वाटतो, पण हात पुढे नेला की अख्खा कोट वर उचलला जातो. वर असलेला, काखेला लागून बसलेला मुंढा साथीदाराला सोयीचा. कुर्त्याला काखेत चौकोनी कळी असेल तर सोन्याहून पिवळं. जुन्या शिवणीत ती असते, आजच्या तयार कुर्त्यात क्वचित.

कोटाची परीक्षा चिमटीत होते. छातीजवळ बाहेरचं कापड एका चिमटीत, अस्तर दुसऱ्या चिमटीत धरून अलग करा. मध्ये तिसरा थर सुटा लागला तर आत कॅनव्हास आहे, म्हणजे चिकटवलेला नव्हे, शिवलेला कोट. असा कोट उसवून पुन्हा शिवता येतो. तिसरा थर बाहेरच्या कापडाला चिकटलेला असेल तर तो गोंदाचा कोट. ओल आणि उष्णता लागली की त्याच्या छातीवर फोड येतात आणि ते कधीच बसत नाहीत. टेरिलीन, टेरीकॉटची १९६० आणि ७० च्या दशकांतली शर्टं-सफाऱ्या बाजारात भरपूर मिळतात, दिसायला झकास असतात, चुरगळत नाहीत. पण त्यात तीन तासांची मैफल म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत बसणं. शिवाय त्यांच्यात मुरलेला घामाचा तेलकट वास कशानेही पूर्ण जात नाही.

विकणारा गोष्ट सांगेल. १९४० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात चिक चॉकलेट या जॅझ ट्रम्पेटवाल्याचा बँड वाजत असे, म्हणून कुठलाही पांढरा डिनर कोट ‘ताजच्या बँडवाल्याचा’ होतो. बालगंधर्व रंगभूमीवर उंची शालू-पैठण्या नेसत, म्हणून कुठलीही काळवंडलेली पैठणी ‘गंधर्व कंपनीतली’ होते. गोष्ट ऐका, पैसे कपड्याचे द्या. पुरावा हवा असेल तर कोटाच्या आतल्या उजव्या खिशात हात घालून अस्तरावरची पट्टी चाचपा. चांगले शिंपी तिथे गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख लिहीत. सुती कपड्याच्या आतल्या काठावर गिरणीचा शिक्का मिळतो कधी कधी. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर ज्या गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत त्यांच्यापैकी एखादीचं नाव तिथे असेल, तर तो काठ उसवताना कापू नका.

आणि सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे धोब्याची. कॉलरच्या आत किंवा लेंग्याच्या नेफ्यात दोन ठिपके, एक रेघ, एखादं अक्षर असं काळपट तपकिरी दिसतं. ते बिब्ब्याचं. बिब्ब्याचा रस आणि चुना मिळून बसलेला डाग कापड फाटेपर्यंत जात नाही. घरोघरची खूण वेगळी, धोब्याला ती बघून कळायचं कपडा कोणाचा. गुरुजींच्या कुर्त्याची गळपट्टी उलटी करून बघा. जाकीट घरी धुतलं नसणार, पण कुर्ता बहुधा धोब्याकडे गेला असेल. ती खूण सापडली तर तिथे ब्रश घासू नका, आणि रफूवाल्याला ‘हे साफ करू नको’ असं आधी सांगा. तो उत्साहाने नेमकं तेच करायला जातो. काहींना बिब्ब्याने अंगावर पुरळ येतं. मानेला खाज सुटली तर खुणेवर आतून मलमलची छोटी चौकट टाचा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, धुवायचं की नाही.

माझं मत स्पष्ट आहे: आठवण आणि मळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि कपडा हातात घेऊन त्या वेगळ्या करता येतात. कोपराशी पडलेली सैल घडी, डाव्या बाहीच्या कडेला भात्याने घासून आलेली चकाकी, बटण तुटल्यावर वेगळ्या दोऱ्याने लावलेलं दुसरं बटण, खिशाच्या तोंडाशी तंबाखूची पुडी काढून काढून झालेली झीज, धोब्याची खूण, कोणी तरी घातलेलं रफू, हे सगळं आठवण. ते धुण्याने जात नाही, वेडावाकडा नीटनेटकेपणा करण्याने जातं. घाम हा मळ आहे. त्यातले क्षार आणि आम्ल रेशमाला आतून खातात. काखेत पिवळा डाग असलेला टसर तुम्ही श्रद्धेने दहा वर्षं न धुता ठेवलात, तर दहा वर्षांनी काख हातात येईल. पानाचा जुना डाग दोन्हींच्या मध्ये येतो. तो मुरलेला असेल तर निघणार नाही, काढायच्या नादात कापड जाईल. गवयाच्या कुर्त्यावर तो शोभतोही.

ड्रायक्लीनला टाकून मोकळं व्हावंसं वाटेल, पण ते नेमकं उलटं काम करतं. ड्रायक्लीनच्या द्रावणात तेल आणि चरबी विरघळते. घाम पाण्यात विरघळतो, त्या द्रावणात नाही. म्हणजे वरचं तेल गेलं, घाम राहिला, मग इस्त्रीची उष्णता लागली आणि कालपर्यंत न दिसणारा डाग आज तपकिरी होऊन वर आला. ‘ड्रायक्लीनमध्ये डाग पाडला’ ही तक्रार बहुतेक वेळा अशी असते. जाकिटाला ड्रायक्लीन ठीक आहे, फक्त काखेतलं अस्तर आधी ओल्या फडक्याने टिपून घ्या. कुर्ता घरी.

कुर्ता धुण्याआधी आतल्या शिवणीतून एक धागा ओढून जाळून बघा. केस जळल्याचा वास आणि बोटांनी चुरडली जाणारी काळी गोळी आली तर रेशीम. कागदाचा वास आणि मऊ राख आली तर सूत. वितळून कडक मणी झाला तर बाजारात ‘टसर’ म्हणून विकलं जाणारं पॉलिएस्टर, मग काळजीचं कारणच संपलं, कसाही धुवा. रेशीम असेल तर पुढे: पांढरं सुती फडकं ओलं करून आतल्या मायेवर मिनिटभर दाबा. रंग उतरला तर घरी धुऊ नका. नाही उतरला तर आठ-दहा रिठे फोडून, बिया काढून दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून मलमलमधून दोनदा गाळा. गाळणं आळशीपणाने केलं तर रिठ्याचा तपकिरी चोथा टसरवर बसतो. या अर्कातला साधारण पाव भाग बादलीत, बाकी साधं पाणी, गरम नाही. काखेच्या डागावर आधी एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर असं पाणी दहा मिनिटं ठेवा, पण तिथे जरीकाम असेल तर व्हिनेगर नको. मग पूर्ण कुर्ता एकदम पाण्यात. एकदम हे महत्त्वाचं. टसरवर नुसता थेंब पडला तर त्याच्या कडेने वलय उमटतं आणि राहतं. असं वलय आधीच असेल तर त्यावर उपाय एकच, अख्खा कपडा सारखा ओला करणं.

चार-पाच मिनिटं हाताने दाबत राहायचं, चोळायचं नाही, पिळायचं तर नाहीच. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा अशक्त असतं. तीन पाण्यांतून काढून मोठ्या पंच्यात गुंडाळून पाणी शोषून घ्या, उलटा करून सावलीत आडवा वाळवा. किंचित दमट असतानाच उलट्या बाजूने कमी इस्त्री. ब्लीच रेशमाच्या आणि लोकरीच्या जवळपासही नको, त्यात ते अक्षरशः विरघळतात. धुण्याचा सोडाही नको.

अत्तराचा वास या सगळ्यात जाईल, हे खरं आहे. पण न धुताही तो जाणारच आहे. वास म्हणजे उडून जाणारे कण. प्रत्येक वेळी कपाट उघडून हुंगता तेव्हा थोडे उडतात. म्हणून वासासाठी कुर्ता नव्हे, छोटी वस्तू ठेवायची: त्यांचा रुमाल, टोपी, उपरण्याचं टोक. घरच्यांकडे मागा, रुमालाचं कोणाला काही वाटत नाही. तो धुऊ नका. पूर्ण कोरडा आहे ना बघा, मग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून अंधाऱ्या, गार फडताळात ठेवा. प्लॅस्टिकचा डबा नको, प्लॅस्टिक अत्तर शोषून घेतं आणि स्वतःचा वास परत देतं. बरणी वर्षातून एकदा उघडलीत तर वास बरीच वर्षं पुरतो.

काढायचा वास वेगळा. डांबरगोळीचा वास पाण्याने जात नाही, कारण ती पाण्यात विरघळतच नाही. ती हवेत उडते, म्हणून वाहत्या उबदार हवेत हँगरवर आठवडा-दोन आठवडे. कुबट वास बुरशीचा असतो. आधी गॅलरीत, तोंडाला फडकं बांधून, कोरड्या मऊ ब्रशने झटका, मगच ओलं करा. ओलं करून मग घासलं की बुरशी धाग्यात शिरते. नाटकांच्या कपडेपटांत रोज न धुता येणाऱ्या कोटांना दोन प्रयोगांच्या मध्ये काखेत पातळ केलेल्या मद्यार्काचा फवारा मारतात. वास मारायला उत्तम. अस्तरावर एका कोपऱ्यात रंग तपासून मगच मारा, आणि वादकाने एक जास्तीची खबरदारी घ्यायची: पूर्ण वाळल्याशिवाय वाद्याला शिवायचं नाही. तानपुरा, सतार, जुन्या पेट्या यांचं पॉलिश लाखेचं असतं आणि लाख मद्यार्कात विरघळते. बाहीवर फवारलेला सेंट, हातावरचं सॅनिटायझर, यांनीही भोपळ्यावर पांढरा धुरकट ठसा उठतो. अत्तर लावायचंच तर कानामागे, बाहीला नाही.

घालून बसा, असंच मी सांगेन, पण कुर्ता आणि जाकीट. आधी दोन गोष्टी करून घ्या. काखेत दुहेरी मलमलच्या, तळहाताएवढ्या अर्धगोल पट्ट्या कच्च्या टाक्याने लावा. कार्यक्रम झाला की काढून धुवायच्या. गुरुजींचा घाम काढला आणि तुमचा भरला, असं व्हायला नको. आणि कुर्ता मोठा होत असेल तर कापू नका. बाजूच्या शिवणीवर हाताने धावदोरा घालून आत घ्या, आतली माया तशीच राहू द्या. शिंप्याला ‘माया कापू नका’ हे कागदावर लिहून कपड्याला टाचा. तोंडी सांगितलेलं त्याच्या कारागिरापर्यंत पोचत नाही. बसताना कुर्त्याची मागची बाजू मांडीखाली अडकते आणि पुढे वाकलात की गळपट्टी मानेत रुतते, मग ताण शिवणीवर. बसण्याआधी मागचा घेर उचलून मोकळा करा. बाजूचा कट नितंबाच्या हाडापर्यंत नसेल तर तेवढा उसवून घ्या. उसवणं परत शिवता येतं.

जाकिटाला धातूची बटणं असतील तर पुढे झुकल्यावर ती पेटीच्या फळीवर टकटकतात आणि पेटीचा माइक तिथेच असतो. बटणं बदलू नका, जाकीट उघडं ठेवून बसा. कडक खळ दिलेली बाहीही माइकमध्ये कागद चुरगळल्यासारखी वाजते.

रफू करून घ्यायचं तर कोटाच्या आतल्या मायेतून किंवा खिशाच्या आतून त्याच कापडाचे धागे काढून करणारा माणूस शोधा. बाहेरून जुळता धागा आणून केलेलं रफू दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळतं, उन्हात वेगळं दिसतं. गुरुजींच्या जाकिटाला आधीचं जाडंभरडं रफू असेल तर ते सुधारून घेऊ नका.

शाल बघण्याआधी मनाची तयारी ठेवा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्या घरात शाल-श्रीफळाच्या शालींचा ढीग असतो आणि त्यातल्या बहुतेक ॲक्रिलिकच्या. अंगठीतून जाते म्हणून पश्मिना, ही परीक्षा खोटी, तलम कृत्रिम शालही जाते. झालरीचा एक धागा जाळा, वर सांगितलंय तसं. ॲक्रिलिक निघाली तरी ती कुठल्या सभागृहात, कोणाच्या हस्ते मिळाली हे घरच्यांना माहीत असेल तर तेवढं लिहून ठेवा. कीड तिला लागत नाही, हा एक फायदा. खरी लोकर निघाली तर फ्रीझर.

लिहून ठेवायचं म्हणजे सुती फितीच्या तुकड्यावर पेन्सिलीने, आणि तो तुकडा दोन सैल टाक्यांनी आतून टाचायचा: कोणाचा, कधी मिळाला, कुठलं रफू आधीचं, कुठलं तुम्ही केलेलं. बॉलपेन पसरतो, पिन गंजते.

ठेवताना प्लॅस्टिक नको, वर्तमानपत्रही नको. जुनी, अनेकदा धुतलेली सुती साडी किंवा धोतर हे सगळ्यात चांगलं आवरण. रेशमाची घडी दर दोन-तीन महिन्यांनी वेगळ्या जागी मोडा, नाहीतर तिथेच चिरतं. घडीच्या आत मलमलची सैल गुंडाळी घातली तर घडी धारदार होत नाही. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर वीतभर पुढे ओढा, पावसाळ्यात त्या पत्र्याला आतून घाम फुटतो. वेखंड, लवंग, कडुनिंबाचा वाळलेला पाला यांची पुरचुंडी ठेवायला हरकत नाही, कीड थोडी दूर राहते, पण आत असलेली अळी त्याने मरत नाही. डांबरगोळ्या ठेवल्याच तर कपड्याला टेकवून नको, घरात तान्हं मूल असेल तर अजिबात नको, आणि पेटीच्या खोक्यात कधीच नको. सिलिका जेलच्या पुड्या शंभर ग्रॅमपर्यंत एका ट्रंकेत. रंग बदलला की वेगळ्या भांड्यात गरम करून पुन्हा वापरता येतात, त्या भांड्यात मग स्वयंपाक करायचा नाही.

शेवटचं, कधी घालावं. गणपतीतले कार्यक्रम भर पावसात, मांडवात दमट हवा, खाली ओली सतरंजी, टसरला यापेक्षा वाईट जागा नाही. त्या दिवसांत साधा सुती झब्बा घाला. जून ते सप्टेंबर लोकरी-रेशमी काही धुऊही नका, दोन दिवस वाळत नाही आणि बुरशी धरते. गुरुजींचा कुर्ता पहिल्यांदा अंगावर घालायला दिवाळी पहाट चांगली: हवा कोरडी, वेळ गार, दिवे कमी. त्यासाठी उलटा हिशोब करा. जाकिटाचे दोन आठवडे फ्रीझरमध्ये आताच सुरू होऊ देत. ऑक्टोबरचं ऊन पडू लागलं की ते सावलीत तीन-चार दिवस हवेला लावा, त्याच आठवड्यात कुर्ता धुवा. रफूवाल्याला निदान पंधरा दिवस द्या, दिवाळीच्या तोंडावर तो लग्नाच्या शेरवान्यांत बुडालेला असतो. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी कुर्ता घालून घरी तासभर रियाजाला बसा. कुठली शिवण बोलते ते तेव्हाच कळतं.